हातमोजे, दात आणि केसांच्या रंगाचं पाकीट

उजवा डोळा चरचरत होता. मी बेसिनवर वाकलो होतो आणि नळ पूर्ण सोडला होता. हातात प्लास्टिकचे मोजे, ओठांवर चिकट क्रीम. ‘डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा व डॉक्टरांना दाखवा.’ पाकिटावरची ही ओळ वाचायची मला गरज नव्हती. ती मीच लिहिली होती.

मी डोंबिवलीत राहतो आणि कोलशेतच्या एका कंपनीत पॅकेजिंग सेफ्टी बघतो. शाम्पू, क्रीम, केसांचा रंग. आतला माल दुसरे लोक बघतात, मी वरचं आवरण बघतो. ते गळेल का, फुटेल का, कोणाला इजा करेल का, आणि त्यापायी कंपनी किती गोत्यात येईल, याचा एक तक्ता असतो. त्याला रिस्क असेसमेंट म्हणतात. हिरवं म्हणजे चालेल, पिवळं म्हणजे बघू, लाल म्हणजे थांबा. खाली माझी सही. तिच्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

त्या वेळी केसांच्या रंगाचं नवं जोडपाकीट यायचं होतं. एका कप्प्यात रंग, दुसऱ्यात डेव्हलपर, म्हणजे रंग चढवणारं क्रीम. डोळ्यांना घातक तेच. जुन्या पाकिटात प्लास्टिकला ॲल्युमिनियमचा पापुद्रा चिकटवलेला असे, म्हणून ते रीसायकल होत नसे. नवं एकाच जातीच्या प्लास्टिकचं. दिवाळीआधी बाजारात आणायचं ठरलं होतं. त्याआधी ते लोकांकडून वापरून घेतात, त्याला पॅनल म्हणतात. आमच्या प्राचीने आसपासच्या सोसायट्यांमधले काका-काकू जमवले, त्यांना रंग लावायला दिला, चहा पाजला. रिपोर्ट आला : पाकीट उघडताना त्रास, कोणालाच नाही. मी तक्ता हिरवा केला. सही तेवढी सोमवारी करायची होती.

रविवारी सकाळी त्यातलंच एक पाकीट मी स्वतःसाठी घेतलं. आंबिवलीहून बहिणीचा फोन आला होता, “दादा, तुझ्या भाचीचा साखरपुडा आहे. म्हाताऱ्यासारखा येऊ नकोस हां.”

बायको, रेखा, गेल्यापासून मी केस रंगवले नव्हते. ती असताना मी गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडी घालून बसायचो. पाकीट ती फोडायची, ब्रश ती फिरवायची, “मान हलवू नका हो” असं दहादा म्हणायची. माझं काम फक्त बसायचं. पाकिटं तपासण्यात तीस वर्षं गेली, पण घरात एक पाकीट स्वतः फोडल्याचं आठवत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

सूचनेत होतं तसे आधी मोजे घातले. मग पाकीट हातात घेतलं. कडेला खाच होती, पण प्लास्टिक फाटेना, नुसतं ताणलं जाई. मोज्यातली बोटं सटकत. कात्री कुठे असते ते रेखाला ठाऊक. मी हाक मारायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. मग त्याच तोंडात पाकीट धरलं. शाम्पूची पुडी आपण सगळे अशीच फोडतो. जोर लावून ओढलं आणि पाकीट भसकन फुटलं.

डोळा बचावला. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर धुतलात. घरात कोणी होतं का मदतीला?”

“नाही,” मी म्हटलं. डोळ्यापेक्षा ते उत्तर जास्त झोंबलं.

सोमवारी मी प्राचीला विचारलं, “पॅनलमधली पाकिटं कोणी उघडली गं?”

“मीच ना सर. काकूंच्या हातात मोजे होते. म्हटलं द्या इकडे, मी देते उघडून. त्या धडपडतायत आणि आपण बसून बघायचं, बरं दिसतं का ते?”

तिला काय बोलणार! तिच्या आईने तिला नीट वाढवलं होतं, एवढंच त्या रिपोर्टवरून सिद्ध होत होतं.

मीटिंगमध्ये मी दोन्ही रकाने लाल केले, इजेचाही आणि धंद्याचाही. ब्रँड मॅनेजर नीरज उखडला.

“सर, दिवाळी गेली की सीझन गेला. कात्रीचं चित्र छापू ना पाकिटावर!”

“कात्री माझ्याही घरात आहे.”

“म्हणजे तुम्ही एकट्याने ट्राय केलं? सॅम्पल साइज एक?”

“एकच. पण असा एकेक माणूस बऱ्याच घरांत राहतो.”

आमच्या प्रमुख देशमुख मॅडम माझ्या लाल डोळ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “पॅनल परत घ्या. एकेकाला खोलीत एकटं बसवा, मदत कोणी करायची नाही. तुमचं खरं निघालं तर थांबू. नाही निघालं, तर त्याच दिवशी सही करायची.”

या वेळी पाकिटांत साधं क्रीम भरून घेतलं. आम्ही काचेबाहेर बसलो. पहिल्या काकूंनी मोजे घातले, पाकीट ताणलं, पुन्हा ताणलं. मग हाक आली, “अगं प्राची, जरा ये ना गं!”

प्राची उठलीच. मी मानेने नको म्हटलं. ती ओढणीचं टोक पिळत खाली बसली. काकूंनी दाराकडे पाहिलं, थोड्या थांबल्या आणि दात लावले. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. मला फार वाईट वाटलं.

त्यांच्यानंतरच्या काकांचं पाकीट फुटून क्रीम थेट चष्म्यावर उडालं. काच पुसत ते बाहेर आले आणि म्हणाले, “माणसाला इथे बोलावता आणि एकटं टाकता होय?”

नीरजने डायरीतली लाँचची तारीख खोडली.

पुढे पाकिटावर लेझरने एक बारीक रेघ मारून घेतली, म्हणजे ते सरळ फाटतं. सूचनांचा क्रमही बदलला : आधी पाकीट, मग मोजे. दिवाळी हुकली. नीरज बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. साखरपुड्याला मी पांढऱ्या केसांनीच गेलो.

नव्या नमुन्यांतलं पहिलं पाकीट मी घरी नेलं. मुद्दाम मोजे घालून ओढलं. एका झटक्यात उघडलं. समोरचे केस रंगवले, कानांवरचेही. दुसऱ्या दिवशी मी तक्त्यावर सही करत होतो, तेव्हा प्राची मागे उभी होती.

“सर, मागे पांढरं राहिलंय.”

“राहणारच. तिथे माझा हात पोचत नाही.”

ती सही केलेला कागद घेऊन गेली.

नवीन मुलांना मी एवढंच सांगतो : पाकीट तपासताना घरात दुसरं कोणी नाही असं धरून चाला. कोणी असलंच, तर ते त्या घराचं नशीब.