रेमेतबायच्या नवसाची फळी

हिलाल पेंटरचा हात सुरतेच्या नवागामात सगळ्यांना ठाऊक. दुकानाची पाटी असो की टेम्पोमागचा मोर, पठ्ठ्या दुपारच्या चहाआधी मोकळा. पण रेमेतबायची फळी काही केल्या पुरी होईना.

रेमेतबाय शेजारची, मूळची वसईकडची ख्रिस्ती. चौऱ्याण्णव साली प्लेग आला, अर्धी सुरत पळाली, अन् नेमका तेव्हाच हिलालच्या आईला, केसरबाईला, ताप चढला. हिलालनं काय करावं? बायको-पोरांना घेऊन उधन्याहून भुसावळची गाडी धरली. जन्मदात्या आईला टाकून! ताप निघाला साधा हिवतापाचा. पण ते कळायला माणसाला थांबावं लागतं, अन् थांबली रेमेतबाय. तिनं मारियामातेला नवस बोलला, बाई उठली तर चित्राची फळी करून तुझ्या पायाशी लावीन. बाई उठली, हिलाल परतला, अन् फळी रंगवायचं काम रेमेतबायनं त्याच्याच हाती दिलं.

त्या चित्राची रीत ठरलेली. वर ढगात माता, खाली खाटेवर आजारी माणूस, अन् सेवेला जे कोणी होतं ते गुडघे टेकून.

हिलालनं माता काढली, आई काढली, रेमेतबाय काढली. मग हात चळला. उशाशी हात जोडलेला एक बाप्या काढला, थेट स्वतःच्या मिशांसकट!

रेमेतबायनं बघितलं. चिडली असती तरी परवडलं असतं. "बाबा, मातेपुढं घडलं तेच ठेवतात," एवढंच म्हणाली अन् गेली.

हिलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रॉकेलच्या चिंधीनं त्यानं तो बाप्या पुसला. दारात पाठमोरा माणूस काढला, डोक्यावर पत्र्याची पेटी, पायात चपला. फळी आईपुढं धरली, पण मान काही वर होईना.

केसरबाईनं फळी डोळ्यांजवळ नेली.

"बाकी बराबर शे रे भाऊ. पण तू अनवाणीच पळना व्हतास."

"अनवाणी?"

"तुन्या चपला मन्या खाटखाल ऱ्हायन्यात. त्यासलेच देखत पडेल व्हतू मी. म्हटलं, चपला घरातच शेतीस, म्हंजे पोऱ्या येईलच."

हिलालनं चित्रातल्या पायांतल्या चपलांचा रंग नखानं खरवडून काढला. खाटेखाली चपला काढायला ब्रश उचलला, अन् तसाच बसून राहिला.