गौर वर येते ती वाट

मी ज्या बायकांना प्रश्न विचारला, त्यांच्या तोंडात त्या वेळी पाणी होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडे भाद्रपदात गौर आणायला बायका नदीवर जातात. जाताना गाणी म्हणत जातात. पाण्याशी पूजा झाली, कळशीत पाणी आणि नदीतले खडे घेतले, वर तेरड्याची रोपं ठेवली, की प्रत्येकीनं नदीच्या पाण्याचा एक घोट तोंडात धरायचा आणि घरच्या तुळशीपाशी येईपर्यंत तो सोडायचा नाही. त्यामुळे परतीच्या वाटेवर कुणी बोलत नाही. बोलूच शकत नाही.

त्या दिवशी आम्ही चौघे नदीकाठावर टेप लावून उभे होतो. गावानं काठावर बाग करायचं ठरवलं होतं आणि तिचा नकाशा माझ्याकडे होता. बायका चढण चढून वर आल्या; कुठल्या वाटेनं, ते मी पाहिलं नाही, माझं लक्ष टेपवर होतं. पुढे माझी वहिनी होती, हातात कळशी, गाल फुगलेले. मी टेप गुंडाळत म्हणालो, "वैनी, इथनं भिंत येणार बघा. एकच गेट, संध्याकाळी बंद. कुणाची हरकत आहे का?"

आमच्या पंचायतीचे अध्यक्ष शेजारीच होते. ते हसून म्हणाले, "बोला की गं आता! नळावर तर ऐकून घेत न्हाईसा."

सगळे हसले. मीही हसलो. वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुढं गेली. तिच्यामागनं बाकीच्या गेल्या.

"हरकत नाही तर," मी म्हणालो.

एवढ्यावर ते थांबलं असतं, तर थट्टा म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, बायकांना हे सांगितलंय का? तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "नदीवरच विचारलं सगळ्यांना. कुणी काही बोललं नाही." ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी खूप दिवस त्याच आधारावर झोपत होतो.

मी रामनगरला घरांचे नकाशे काढून देतो. बेळगाव-गोवा रस्त्याला लागून माझी खोली आहे. ट्रक गेला की टेबलावरची पट्टी हलते. आयुष्यभर मी दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणी एवढंच काढत आलो. गावानं बागेचं काम माझ्याकडे दिलं तेव्हा मला फार मोठं काही मिळाल्यासारखं वाटलं. आणि बाग हवी होती, हे खरंच होतं. सुट्टीच्या दिवशी गोव्याकडच्या, बेळगावकडच्या गाड्या थेट वाळूपर्यंत उतरत. माणसं खातपीत, बाटल्या फोडून जात. काचेनं कुणाचा ना कुणाचा पाय कापलेला असे. भिंत घातली, एक गेट ठेवलं, राखणीला माणूस बसवला की प्रश्न मिटला, असं मला वाटलं. कागदावर तो मिटलाच होता. गेटातनं सरळ पायऱ्या वाळूवर, दोन्ही अंगांना बाकं, कडेनं झाडं. तो नकाशा मी घरी भिंतीला लावून बघत बसे.

पाऊस संपला, भात कापून झालं आणि काठावर चुन्याची फक्की मारून भिंतीची आखणी झाली. मी ती बघायला गेलो आणि पहिल्यांदा चक्रावलो. माझ्या नकाशात जिथं वाळू होती, तिथं आता पाणी होतं. वाळू सरकून बरीच वर, बांबूच्या बेटाखाली जाऊन बसली होती. लहानाचा मोठा ह्या नदीवर झालो आणि तिची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते हे मला माहीत नव्हतं. नदीवर मी पोहायला आलो होतो, मासे धरायला आलो होतो, पण नदीकडे बघायला म्हणून कधी आलो नव्हतो.

मग मला नादच लागला. सकाळी रामनगरला जायच्या आधी मी काठावर जाऊन बसू लागलो. इथं कोण येतं, कुठनं उतरतं, किती वेळ थांबतं? म्हशी बांधाच्या खालच्या अंगानं उतरत, कारण तिथं चिखल होता आणि त्यांना चिखलच हवा होता. वाकळा धुणाऱ्या बायका एका सपाट खडकावर येत. त्या खडकाला सकाळी ऊन लवकर लागतं, वाकळ तिथंच वाळत घालता येते. ती जागा माझ्या नकाशात 'शोभेची झाडे' अशी होती. एक म्हातारे गृहस्थ रोज येत आणि काहीच करत नसत. त्यांना मी विचारलं, "आज्जा, रोज इथं का बसता?"

"तू का बसलायस?" ते म्हणाले.

ह्या बघण्यातच मला ती वाट दिसली.

गावातनं नदीवर यायची वाट सरळ आहे, रुंद आहे, सगळे तिनंच ये-जा करतात. पण बांबूच्या बेटामागनं आणखी एक वाट वर चढत होती. जेमतेम एका माणसाची. त्या सबंध आठवड्यात तिच्यावर कुणी पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही. तरी ती मोडलेली नव्हती. मी तिनं चढून गेलो. चढणीला जांभ्याच्या पायऱ्या होत्या, कडा दगड लावून धरलेल्या होत्या, दोन्ही बाजूंचा तेरडा सुकून उभा होता. पावसाचं पाणी आडवं जावं म्हणून एके ठिकाणी चर काढलेला होता. न वापरायच्या वाटेला एवढं कोण जपतं? वर जाऊन ती पुन्हा गावाच्याच रस्त्याला मिळत होती, आणि तेही लांबच्या अंगानं. कुणाला कुठंही लवकर पोचवणारी वाट नव्हती ती. माझी फक्कीची रेघ तिच्या मधोमध गेली होती.

ट्रक धुवायला आलेल्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "तिकडनं कोन जातंय? साप असतील."

अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "ढोरांची जुनी वाट असंल."

ढोरं पायऱ्या करत नाहीत, हे मी त्यांना बोललो नाही. अनेकांना विचारलं. फक्त एका माणसाला विचारायचं टाळत होतो, आणि टाळतोय हे स्वतःला कळू देत नव्हतो. वहिनीचं घर माझ्या घराला लागून आहे. थोरल्या भावाची बायको. सुप्याच्या धरणात आमचं जुनं गाव गेलं आणि आम्हाला इथं आणलं, तेव्हा मी लहान होतो आणि ती नवी सून होती. आईच्या बरोबरीनं तिनंच मला वाढवलं.

शेवटी एका रविवारी गेलो. ती अंगणात बसून कणगांचे कंद सोलत होती. समोर पाटी, बाजूला सालीचा ढीग. मी पायरीवर बसलो आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालो, "वैनी, बांबूच्या मागनं एक वाट आहे. ती कशाची?"

तिचा हात थांबला नाही. "का? नकाशात न्हाई व्हय ती?"

"नाही."

"मग नसंलच," ती म्हणाली.

 तिनं एक कणग सोलून पाटीत टाकलं.

"गौर येती त्या वाटेनं," ती म्हणाली. "जायची वाट एक, यायची एक. गौर घिऊन मागं फिरायचं न्हाई, मागं बगायचं न्हाई. आल्या वाटेनं परत जायचं तर पाण्याकडं पाट करून वळाय लागतंय. आमी वळत न्हाई. पाणी उजव्या हाताला ठिवून तसंच म्होरं चालत चढायचं. जुन्या गावात दोन घाट हुते, तवा काय अडचन नव्हती. हितं आलो तर एकच वाट. गडी म्हनले, एक पुरं झाली, वरसातनं एकदाच तर जायाचं. तुमचे दादा बी तेच म्हनले."

"मग?"

"मग काय? तुमच्या आईनं कुदळ घेतली. मी पाटी घेतली. शेजारच्या चौघी आल्या. पयल्या वरसाची गौर त्याच वाटेनं वर आणली. तवापास्नं नागपंचमी झाली की आमी जाऊन ती साफ करतो."

माझ्या आईनं कुदळीनं खणलेली वाट. मी त्या घरात वाढलो, दर वर्षी गौरीचं जेवण जेवलो, आणि गौर कुठल्या वाटेनं येते हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"आता कसं करायचं भावजी?" वहिनी म्हणाली. "एकच गेट. तितनंच आत, तितनंच भाईर. गौरीला काय तिकीट काढाय लावनार?"

"मी तुम्हाला विचारलं होतं त्या दिवशी..." मी म्हणालो. 

तिनं विळी बाजूला केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"व्हय. इचारलंसा. घरी यिऊन तुळशीत पाणी सोडलं आनि ह्यांस्नी म्हनलं, भावजी यील आता सांजच्याला. थट्टा केली त्यानं, पन यील. वाट बगितली मी. दुसऱ्या दिवशी तुमी जेवाय आलासा. पुरणपोळी चांगली झाली म्हनलासा. गेलासा."

मला ती पुरणपोळी आठवली. तेव्हा ताटावर बसून मी तिच्याशी पाऊस, भात, पोरांची शाळा, सगळं बोललो होतो.

मी त्याच दिवशी नकाशा खाली काढला आणि नव्यानं आखायला बसलो. कबूल करतो, त्या कामात मला आनंद झाला. भिंतीला दोन वाटा ठेवायच्या तर दोन्हीकडे राखण कशी करायची? गाडी आत येऊ नये, पण कळशी घेतलेली बाई न वळता जावी, तर तोंड किती रुंद हवं? मी अंगणात दोन खुर्च्या ठेवून मधनं कळशी घेऊन चालून बघितलं. बायको दारात उभी राहून बघत होती. "आता तुमीच गौर आणनार वाटतं," ती म्हणाली. वाकळांचा खडक भिंतीबाहेर मोकळा ठेवला. वाळूवरची बाकं काढून टाकली, कारण वाळू तिथं राहणारच नव्हती. बांबूच्या वाटेच्या तोंडाशी दार न लावता दोन दगडी खांब दाखवले, माणूस जाईल आणि गाडी जाणार नाही असे. आधीच्या नकाशापेक्षा हा कितीतरी चांगला झाला होता. तो वहिनीला नेऊन दाखवला. तिनं बोट ठेवून बांबूची जागा विचारली, वाट विचारली, मान हलवली. छान झालाय असं काही म्हणाली नाही. मी दारातनं बाहेर पडलो तरी ती म्हणेल म्हणून थोडा रेंगाळलो.

ग्रामसभा शाळेत भरली. बायका मागच्या भिंतीला लागून बसल्या होत्या, वहिनीही होती. मी नवा नकाशा फळ्याला लावला आणि म्हणालो की प्रत्यक्ष पाहणीनंतर थोडी सुधारणा सुचवतोय. सुधारणा हा शब्द मी घरनंच ठरवून आणला होता. दोन तोंडं का हवीत ते सांगितलं. कुणी फार विरोध केला नाही. भिंतीचा चर अजून खणला नव्हता, फक्की पुसून पुन्हा मारायची, एवढंच. काम मनासारखं झालं होतं. मी नकाशा काढायला हात घातला.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "करूया की. पन इंजिनेरसाहेब, एक सांगा. तवाच हे का न्हाई काढलं? बायकांना इचारलंय, कोन बोललं न्हाई, असं तुमीच हितं उभं राहून सांगितलं हुतं. आता ह्यांस्नी हरकत हाय. मग तवा काय तोंडात गुळणी धरली हुती?"

पुढची माणसं हसली. एक-दोघांनी मान वळवून मागं बायकांकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "बायकांचं असंच. आज एक, उद्या एक." मागच्या भिंतीपाशी हालचाल झाली आणि थांबली. वहिनी खाली जमिनीकडे बघत होती. मी काही बोललो नसतो तरी बागेला दोन तोंडं मिळालीच असती. फक्त बायकांनी आधी होकार दिला आणि मग शब्द फिरवला, एवढं गावाच्या लक्षात राहिलं असतं.

 मी नकाशा तसाच सोडला.

"ह्यांनी शब्द फिरवला नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी गौर घेऊन येत होत्या. तोंडात नदीचं पाणी होतं. अध्यक्ष, तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी ते थट्टेत विचारलं असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण ती थट्टा नव्हती. घरी जाऊन विचारलं असतं तर ह्या नाही म्हणाल्या असत्या आणि मला नकाशा पुन्हा काढावा लागला असता. ह्यांना बोलता येत नव्हतं, म्हणूनच मी तेव्हा विचारलं. आणि ते गप्प राहणं होकार म्हणून तुमच्यासमोर मांडलं."

कुणी हसलं नाही. मी पुढच्या रांगेकडे पाठ केली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"वैनी," मी म्हणालो, "माझं चुकलं. तुमची, आणि तुम्हा सगळ्याजणींची, मी माफी मागतो."