अर्गिरिसकाकांची नवी शीळ

आमच्या कारिस्तोसच्या डोंगरात कुणाला हाक मारायला कोणी दरी उतरत नाही. शीळ घालायची. शिळेतच निरोप, शिळेतच शिव्या. आणि प्रत्येकाची शीळ वेगळी, आवाजासारखी.

शेजारच्या अर्गिरिसकाकांचे वरचे दात एकेक करत गेले, तशी त्यांची शीळही गेली. समोरच्या कड्यावर त्यांची बहीण झाम्बेता राहते. ऑलिव्हच्या झाडांवरून दोघांचं भांडण. बारा वर्षं उंबऱ्याला पाय नाही, फोन ती उचलत नाही. फक्त रोज संध्याकाळी एक शीळ इकडून, एक तिकडून. दोन वर्षांपूर्वी तेही थांबलं.

"मी निरोप देऊ का, काका?"

"तुझ्या तोंडून गेला तर वाटेत त्याला शिंगं फुटतील."

खोटं नव्हतं, त्यामुळे रागावताही येईना.

वसंतात त्यांनी शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडून वरची अख्खी कवळी बसवून घेतली. चिनीमातीचे दात, काढता-घालता येणारे.

"नवरदेव दिसताय! मुलगी बघू?"

हसले नाहीत. "टाळूवर बशी ठेवल्यासारखं आहे. चीज खाल्लं काय नि पुठ्ठा खाल्ला काय."

महिनाभर गोठ्यामागे फुसफुस चालली होती. बकऱ्याही कंटाळल्या. मग एकदाचा सूर लागला. रविवारी कुंपणाशी येऊन त्यांनी शीळ घातली: "झाम्बेता, आहेस का?"

शीळ स्वच्छ होती, पण परकी. समोर उभी नसते तर मीही ओळखली नसती.

पलीकडून आलं, "कोण रे तू?"

"अर्गिरिस."

"थट्टा नको. भावाची शीळ मला कळते. गेला का तो? खरं सांग."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला, मेलीला, नेमका तेव्हाच एकही विनोद सुचेना.

"आहे. जिवंत आहे," त्यांनी कळवलं.

तिकडून आलं, "मग त्याला म्हणावं, स्वतः बोल."

"सांगतो."

मी म्हटलं, "अहो, चला ना, तासाभराची तर वाट!" काका बकऱ्यांची धार काढायला निघून गेले.

आता रोज संध्याकाळी ते परक्या माणसासारखी अर्गिरिसची खबर देतात. भावाशी बोलली नसेल इतकं ती या परक्याशी बोलते. काल तिने विचारलं, त्याचा गुडघा कसा आहे. काकांनी वाकून गुडघ्याकडे पाहिलं, दुसऱ्याचा असावा तसं, आणि शीळ घातली: "बरा आहे म्हणतो."