एका हाताचं वल्हं

माणूस समोर आला की पूर्णगडच्या म्हाताऱ्या तांडेलांना आधी त्याच्या मापाचं वल्हं दिसे. नाव, गाव, नोकरी या चौकशा मागाहून. माझ्या लग्नाला ते पूर्णगडहून रत्नागिरीला आले ते धुतलेला सदरा, कोरी टोपी असा थाट करून. अक्षता टाकल्या, नवरीला एकदा न्याहाळलं आणि भर मांडवात म्हणाले, "मास्तर, हिला साडेतीन हात पुरे." साडेतीन हातांत कसली साडी होणार म्हणून सासरेबुवा भडकले. त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका शाळेत शिकवत होतो आणि मांडवीला खोली घेऊन राहत होतो. शिकवण्यापेक्षा गरी टाकून मासे धरण्याचा नाद मोठा. पूर्णगडच्या एका ओळखीच्याने आपली पडून असलेली, एकट्यापुरती होडी मला वापरायला दिली होती, म्हणून दर रविवारी पहिल्या एसटीने मी तिकडे पळत असे. तांडेलांनी उमेदीत मोठी गलबतं लांबलांबच्या बंदरांना नेली होती. म्हातारपणी ते आपल्या छोट्या होडीतून एकटेच खाडीत गरी टाकत. गावात नवं वल्हं कोणी केलं तर ते तांडेलांना दाखवल्याशिवाय पाण्यात जात नसे.

माझं पहिलं वल्हं मी शहरातल्या सुताराकडून सागवानाचं करून घेतलं होतं. त्यावर रोगणाचे दोन हात दिलेले, उभं धरलं की बरोबर माझ्या नाकापर्यंत यायचं. मोठ्या ऐटीत मी ते तांडेलांपुढे ठेवलं. त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला.

"झ्याक हाय. देवाऱ्यापाशी ठेवा, फुलां व्हावा."

"का हो?"

"रोगनावर हात घसरतो, मास्तर. मूठ उघडी हवी. आनि माप उभ्यानं घेतलात? होडीत काय उभे ऱ्हानार तुमी?"

वल्हं निवडायची त्यांची एक रीत होती. वाळूवर ओढलेल्या होडीत माणसाला बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि वळचणीला टांगलेली तीन-चार वल्ही एकामागून एक त्याच्या एकाच हातात द्यायची. दुसरा हात पुढे केला तर त्यावर चापट बसे. "नुसतां पल्याड जायचां तर फळी घेतलीत तरी चालंल," ते म्हणत. "पन मासा लागला की एक हात दोरीवर जातो. मंग होडी कोन सावरनार, तुमचा बापूस?" म्हणून गरीवाल्याचं वल्हं हलकं हवं, पातं अरुंद हवं आणि होडीच्या काठाला घासलं तरी आवाज होता कामा नये, नाहीतर मासे पळतात. घासायच्या जागी ते स्वतः काथ्याची दोरी गुंडाळून देत.

आणि ज्याला जमणार नाही त्याला ते तोंडावर 'नाही' सांगून टाकत. एका आडदांड गड्याला त्यांनी चारचौघांत सांगितलं, "तुला वल्हां नको, तू जाळी वीण." त्याने वर्षभर अबोला धरला. काकी, म्हणजे त्यांची बायको, करवादत, "जरा गोड बोललात तर जीभ झिजंल काय?" तांडेलांचं उत्तर ठरलेलं होतं, "खाडीच्या तोंडाला पानी वढतां. तिथं गोड बोलनां उपेगाचां नाय."

एका दिवाळीनंतर तांडेलांच्या अंगावरून वारं गेलं. शिमग्यापर्यंत ते पाय ओढत चालू लागले, पण उजवा हात लुळाच राहिला. त्यांनी एकच धोसरा धरला, मला होडीतून एकट्याला जाऊ द्या. डॉक्टरांनी बजावून झालं, काकींनी रडून झालं. शेवटी काकींनी त्यांचं वल्हं शेजारी नेऊन ठेवलं, तेव्हा त्यांनी जेवण निम्म्यावर आणलं. भिंतीकडे तोंड करून बसून राहत. "तुमीच कायतरी करा, मास्तर," काकी म्हणाल्या.

मी डाव्या हातासाठी एक वल्हं करून घेतलं. आखूड, हलकं, मूठ उघडी, काथ्या गुंडाळलेला. तांडेल कितीतरी दिवसांनी हसले. वाळूवरच्या होडीत बसले आणि कोणी न सांगता त्यांनी डोळे मिटले. मी वल्हं हातात दिलं. एकदा उचललं, दुसऱ्यांदा उचललं. तिसऱ्यांदा हात वर राहिना आणि पातं काठावर दाणकन आपटलं.

"कसां काय, मास्तर?" डोळे मिटलेलेच होते.

त्या चेहऱ्याकडे बघून माझा धीर झाला नाही. "झकास," मी म्हणालो. "चालेल."

तांडेलांनी डोळे उघडले. "इतकी वरसां लोकांना वल्ही निवडून देतंय. कोनाला खोटां सांगितलां नाय. आनि माजी पाळी आली तेवा तुमी चालंल म्हनता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वल्हां बराबर हाय," ते हळू म्हणाले. "मानूस कमी पडतोय. सांगा ना तसां. तुमच्या तोंडानं सांगा."

"तांडेल," मी म्हणालो, "एकट्यानं जाऊ नका. तुम्हाला नाही जमणार आता."

त्यांनी वल्हं होडीत आडवं ठेवलं. मागे काकी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग तांडेलांनी उठायला आधार म्हणून डावा हात माझ्यापुढे केला.

"आता कसां बोललात! आयतवारी तुमी वल्हवा, मी गरी धरतंय."

त्या रविवारी त्यांच्याच होडीत ते माझ्याकडे तोंड करून पुढच्या फळीवर बसले. खाडीभर त्यांची दोरीवर कमी आणि माझ्या हातांवर जास्त नजर होती. "वाकडां घातलात", "पान्याला मारताव कशाला, त्यानं काय केलांन", असं चालू होतं. तरी डाव्या हाताने त्यांनी एक तांबोशी मासळी काढली आणि घरी येईपर्यंत ती मांडीवरून खाली ठेवली नाही. काकींना हाक मारली ती पार धक्क्यावरूनच. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी पाहिला नव्हता.

अशा आमच्या दोनच फेऱ्या झाल्या. पावसाळ्यात तांडेल गेले. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात पडल्या, तेव्हा मी एकटाच निघालो. खाडीच्या मध्यावर मुद्दाम दोनदा वल्हं वाकडं घातलं. कोणी काही बोललं नाही.