ममताचा गूळ

जमनीला धास्ती होती ती लेकीच्या, ममताच्या हसण्याची. पोरगी हुशार, यवतमाळला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पण एकदा हसू फुटलं की थांबायची नाही, आणि कुठली गंमत कुठं करू नये हे तिला कळायचं नाही. हे हसणंच हिला एक दिवस भोवणार, हे जमनीच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

दारव्ह्याजवळच्या त्यांच्या तांड्यात मुलीच्या घरून गूळ वाटला की सोयरीक पक्की समजायची. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी पोळ्याला घरी आलेल्या ममताला एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं, तेव्हा तिनं बाजारातून गुळाची भेली आणली आणि घरोघर खडे वाटत फिरली.

"पोरगा कोण व?" म्हाताऱ्या रुपीबाईनं विचारलं.

"नर्सिंग नाव हाय त्याचं, आजी. यवतमाळचाच हाय. अजून दोन वर्सं नांदाचं हाय मले त्याच्या घरी."

सारा तांडा हसला. रुपीबाईच्या कानात मात्र निम्मंच शिरलं, आणि तेवढंच बाभुळगावला जमनीच्या नणंदेपर्यंत पोचलं.

"मले न सांगता गूळ वाटला?" कांताबाई फोनवर कडाडली. खरं काय ते कळल्यावर तिचा सूर पालटला. "मंग माह्या देवराचा पोरगा बादल काय वाईट हाय? दिवाळीत घेऊन येतो त्याले."

जमनी बीए झालेली, अंगणवाडी चालवणारी बाई. पण नणंदेपुढं तिची जीभ उचलेना. "पाहू," एवढंच ती म्हणाली. मुलीच्या आईचं 'पाहू' म्हणजे अर्धा होकार, हे कळत असूनही म्हणाली. ममताला यातलं काही सांगितलं नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा संस्थेचे भगवानराव घर पाहायला आले. वाटेत त्यांना नेमकी रुपीबाई भेटली.

"ताई, पोरीचं जमलं म्हणे?" त्यांनी चहाचा कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"नाही हो भाऊ, ते..."

"तुम्ही नका सांगू. लग्न ठरलं, कॉलेज सुटलं, पत्ता बदलला, काहीही झालं तरी मुलीनं स्वतः कळवायचं, ही आमची अट आहे. लपवलं तर मदत थांबते."

त्यांनी ममताला फोन लावला, स्पीकरवर. गुळाचं नाव काढताच पलीकडून खळखळून हसू आलं. थांबेचना. 'हसू नको व माय,' जमनी मनातल्या मनात विनवत होती.

"काका," शेवटी ममता म्हणाली, "मस्करी मीच केली होती. लग्न ठरलं असतं तर सगळ्यांत आधी तुम्हाला कळवलं असतं. आजवर काही लपवलं का मी?"

भगवानराव मोबाइलवर बोट फिरवत तिचे जुने मेसेज मोठ्यानं वाचू लागले. "होस्टेलची खोली बदलली, नवा नंबर कळवत आहे. ताप आला, दोन दिवस वर्ग बुडाले, बाईंची चिठ्ठी जोडली आहे. एका विषयात मार्क कमी पडले, भरून काढीन, कृपया रागावू नका." त्यांना हसू आवरेना. "माझी पोरगी मला इतकं सांगत नाही हो!"

"ताप?" जमनी फोनवर झुकली. "मले काहून नाही सांगतलं?"

"तू काय शिष्यवृत्ती देतं मले, याडी?" आईला ती याडीच म्हणायची.

आता तिघंही हसत होते. हसू ओसरताना ममता म्हणाली, "माह्याकडचं सारं मी कळवलं. आता तुह्याकडचं तू कळव. आत्याले 'पाहू' कोण म्हणलं?"

कांताबाईनं थेट पोरीलाच सांगितलं होतं तर! जमनीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. भगवानराव एकदम छपराच्या पत्र्यांकडं पाहू लागले.

"मले शिकाचं हाय, याडी," ममता म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

भगवानराव उरलेल्या भेलीतला एक खडा तोंडात टाकून गेले. "हा शिष्यवृत्तीचा बरं का," जाताजाता बजावलं.

जमनीनं फोन उचलला. कांताबाई रुसणार, दिवाळीला यायची नाही, वर्षभर टोमणे मारणार. मारू दे. 'पाहू' पुन्हा जिभेवर येऊ नये म्हणून तिनंही एक खडा दाढेखाली धरला आणि बाभुळगावचा नंबर लावला.