आक्का पुन्हा भांडायला लागल्या

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेसरीला माहेरी होते. सकाळीच आमचं फोनवर वाजलं होतं. मी घनसाळ तांदूळ आणणार होते. गेल्या खेपेला नवा आणलास, भाताचा गोळा झाला, म्हणून त्यांनी मला सुनावलं आणि मीही सोडलं नाही. दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं, असं घरून सांगितलं... भेटायला येणारे म्हणायचे, शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, मनाला लागलं असेल. मला तसं वाटत नाही.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, इंदुमती. माहेर पेठ वडगावचं. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात वर त्या आणि खाली मी. नवी नवरी असताना मला त्यांच्या आवाजाचीच धडकी भरायची. आपल्या तालमीचा फुटबॉल संघ हरला, की गल्लीतून मान खाली घालून चाललेल्या गोलकीपरला त्या गॅलरीतून विचारायच्या, "गोल सोडतोस व्हय रं? जेवान तर कधी सोडत न्हाईस." गल्ली हसायची आणि तोही हसायचा. माझ्याशी मिठावरून, पाण्यावरून, दुधावरून रोज काहीतरी असायचंच. पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मला चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं.

साठी ओलांडल्यावर त्या हळूहळू गप्प होत गेल्या. आमटी खारट झाली तरी मुकाट जेवायच्या. मॅच कोण जिंकलं, हेही विचारेनाशा झाल्या. थोरले दीर, आमचे दादा, खूश होते. वयानं शांत झाली म्हणायचे. पाव्हणेही कौतुक करायचे. मला मात्र घरात करमेना. मी मुद्दाम कुरापत काढायचे, तर त्या नुसत्या बघायच्या आणि "बरं" म्हणायच्या...

एकदा मेथी निवडताना त्यांच्या उजव्या हातातून जुडी गळून पडली. बोलायला गेल्या, तर शब्द फुटेना. थोड्या वेळानं सगळं जागेवर आलं, पण आम्ही त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मानेला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, मग मानेची सोनोग्राफी केली. मेंदूकडं रक्त नेणारी डावी शीर आतून थर साचून जवळजवळ बुजली होती. आजचा झटका हा इशारा आहे, म्हणाले. मोठा पक्षाघात टाळायचा तर शीर उघडून साफ करावी लागेल. मी विचारलं, त्यांचं गप्प होणं यानंच का?

"मेंदूला रक्त कमी पडलं तर माणूस मंदावू शकतो," डॉक्टर म्हणाले. "पण पहिल्यासारख्या होतील, असा शब्द मी देणार नाही."

आणखी एक धास्ती त्यांनी सांगितली. कमी रक्ताची सवय झालेल्या मेंदूत एकदम जोरानं रक्त गेलं, तर तेही सोसत नाही. म्हणून ऑपरेशननंतर त्यांचं ब्लडप्रेशर सारखं बघत होते. डोकं ठणकतंय म्हणाल्या, की आम्ही लगेच नर्सला हाक मारायचो. ते दिवस निभावले.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी मी वर तांबडा रस्सा पाठवला. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. कठडा धरत आक्का स्वतः खाली आल्या आणि वाटी माझ्यापुढं आदळली.

"ह्येला रस्सा म्हणत्यात व्हय गं? पाण्यात चटणी कालवलीयास नुस्ती."

मला रडू कोसळलं. रडायला काय झालं म्हणून त्यावरही बोलणी खाल्ली. दादा त्यांच्यामागून उतरले होते. ते जिन्यातच पायरीवर बसले आणि हळूच मला म्हणाले, "मला वाटायचं शांत झालीया. ती तर दमली हुती की गं."

पुढं दोन-अडीच वर्षं आक्का आम्हाला पुऱ्याच्या पुऱ्या मिळाल्या. तालमीला, दादांना, दूधवाल्याला आणि सगळ्यांत जास्त मला. नेसरीच्या त्या सकाळी फोनवर भांडत होत्या, त्या याच आक्का.

आता वर दादा एकटे असतात, जेवायला खाली येतात. आक्कांची एक खोड होती. मी खाली मिक्सर लावला, की नेमकं तेव्हाच त्यांना जिन्यातून काहीतरी सांगायचं असायचं, आणि एकदा बोललेलं त्या परत सांगायच्या नाहीत. त्यामुळं चटणी वाटताना माझा हात अजून मध्येच बटणावर जातो. मिक्सर बंद करून मी जिन्याकडं कान देते... मग झाकण दाबून धरते आणि परत सुरू करते.