खरवडीची वाटणी

चंद्रप्रभेला बसून जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. शेजार इतक्या वर्षांचा, पण ही बाई आपली ओट्याशी उभी, एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातानं गॅस बारीक-मोठा करत चार घास पोटात ढकलणार. "अगं, बूड टेक की मेले!" असं मी कितीदा तरी ओरडले असेन. "टेकते गं, यांचं होऊ दे," हे तिचं ठरलेलं उत्तर. यांचं म्हणजे विनायकराव मराठ्यांचं, तिच्या नवऱ्याचं. आणि त्यांचं काही ना काही कायम चाललेलंच असायचं.

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या जुन्या सरकारी डीडीए फ्लॅटना लिफ्ट नाही. मी तळमजल्यावर, ती तिसऱ्या मजल्यावर. विनायकराव कृषी मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले. माणूस सज्जन, पण घरात पाण्याचं भांडं उचलून तोंडाला लावतील तर शपथ. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून सावरतात न सावरतात तोच एकेक गोष्ट विसरायला लागले. तेव्हापासून ते खाली उतरलेले नाहीत आणि त्यांच्यापायी तीही नाही. ती नजरेआड झाली की ते कावरेबावरे होतात, खुर्चीतून उठायला बघतात, एकदा पडलेसुद्धा. दिवसा शकुंतला नावाची अटेंडंट येते, चांगली पोक्त, कामाला चोख. पण तिच्या हातून ते पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. भाजीवाला आला की चंद्रप्रभा बाल्कनीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते, वरूनच "भैया, धनिया भी डालना" म्हणते आणि पिशवी ओढून घेते. त्या घरातून खाली उतरायची ती फक्त पिशवी.

होळीच्या आधी साताऱ्याहून तिच्या अक्काचा फोन आला. आई लवकर गेली म्हणून चंद्रप्रभेला या थोरल्या बहिणीनंच वाढवलं. वेण्या घालण्यापासून लग्नात पाठवणी करण्यापर्यंत सगळं उत्तराअक्कानं केलं. अक्का म्हणाली, "चंदे, पोरं माझं सहस्रचंद्रदर्शन करतायत. मला ओवाळायला तू हवीस. आता पुढचं कुणी पाहिलंय?" या जगात तिला चंदी म्हणणारं आता हे एवढं एकच माणूस उरलंय. फोन ठेवून ती माझ्याकडे पाहून हसली. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

तिचा मुलगा चैतन्य गुडगावला असतो. पोरगा चांगला आहे, उगाच का नावं ठेवू. त्यानं निजामुद्दीनहून गाडीचं रिझर्वेशनही करून टाकलं. "आई, तू बिल्कुल जा यार. मी आठवडाभर इथंच राहतो, लॅपटॉप घेऊन येतो. शकुंतला आहे. टेन्शन नको घेऊस." मी करोल बागेत जाऊन अक्कासाठी नारायणपेठी आणली. बॅग भरून पलंगाखाली सरकवली. आणि नेमकं तेव्हाच विनायकरावांनी खाणं सोडलं.

आता तर तिच्या हातूनही खाईनात. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, सगळं ठीक म्हणाले. घास तोंडाशी नेला की हे ओठ घट्ट मिटून घेणार. आणि दिवसभरात एकच शब्द बोलणार, "खरवड."

"खरवड म्हणजे काय?" चैतन्यनं विचारलं. दिल्लीत वाढलेलं पोर, त्याला कुठून ठाऊक असणार! चंद्रप्रभेनं त्याला समजावून सांगितलं. दूध तापवलं की पातेल्याच्या बुडाशी जे करपट तांबूस धरतं, ते शिंपलीनं खरवडून काढायचं आणि वर चिमूटभर साखर घालायची. मिरजेला विनायकरावांच्या घरी पोरांची ही रांग आणि वडील पोस्टात कारकून. पेढे-बर्फी फक्त दुसऱ्यांच्या लग्नात. शिळ्या पोळीचा लाडू, मीठ लावलेली कैरीची कोय आणि ही खरवड, एवढीच काय ती चैन.

"मग सोपं आहे," चैतन्य म्हणाला. "तू आम्हाला शिकव, आम्ही बनवू. बाबा खातील, तू जा."

ऐकायला सोपंच होतं. ते खायला लागले, मग कुणाच्या का हातून होईना, तर ही सुटणार. म्हणून ती पदर खोचून मागे लागली. बरं, सगळं आयुष्य हात राखून संसार केलेली बाई, पण नवऱ्याला द्यायचं म्हटल्यावर हात राखेल तर ना! गाझीपूरच्या डेअरीतून म्हशीचं घट्ट दूध मागवलं. आटवून आटवून बुडाला बोटभर खरवड धरवली. वर वेलची, केशर आणि पिस्त्याचे काप. मी चाखली. अहाहा! असली खरवड मिरजेच्या महाराजांनीही खाल्ली नसेल. विनायकरावांनी जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. "ही नव्हे."

मग वाटलं, स्टीलच्या चमच्यामुळे चव बदलत असेल. चैतन्यनं ऑनलाइन शिंपल्या मागवल्या. आल्या त्या पॉलिश केलेल्या, भोकं पाडलेल्या, पडद्याला लावायच्या! आम्ही तिघंही पोट धरून हसलो. त्यातलीच एक घासून घेतली. तरी "ही नव्हे." शिळ्या पोळीचा लाडू करून पाहिला, नव्हे. केशर-वेलची काढून साध्या पिशवीच्या दुधाची करून पाहिली, नव्हे. कैरीची कोय तर त्यांनी भिंतीवर फेकून मारली. गाडीचा दिवस जवळ येत होता आणि ते दूध-पाण्यावर होते. चंद्रप्रभेचे डोळे खोल गेले होते. मला त्या माणसाचा असा संताप यायचा! आजारी आहे, कळत नाही, सगळं मान्य, तरी यायचा.

एका दुपारी मी वर गेले तेव्हा घरभर करपल्याचा वास. ती अक्काशी फोनवर बोलत राहिली आणि इकडे दूध लागलं. अक्का विचारत होती, "येतेयस ना नक्की?" आणि हिला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. तिनं फोन ठेवला, पातेलं उचललं, मूठभर साखर त्यात भिरकावली आणि विनायकरावांच्या खुर्चीपुढे जमिनीवर फतकल मारून बसली.

"नको ना तुम्हाला? नका खाऊ! मी खाते. सगळी मीच खाते!"

आणि खरंच खायला लागली. पातेलं मांडीत, चमच्यानं खराखरा खरवडत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, बोटं चाटतेय. मी दारातच थिजले. ही बाई बसून खातेय आणि दुसऱ्याला न वाढता खातेय, हे दोन्ही मला नवीन होतं.

विनायकराव खुर्चीतून पुढं वाकले. चांगला हात पातेल्यात घालून ओरडले, "ए! माझी वाटणी!"

तिचा चमचा तोंडातच राहिला. त्यांनी पातेल्याच्या बुडावर बोटानं रेघ ओढली. "हे तुझं, हे माझं. रेघ ओलांडायची नाही, सांगून ठेवतो." आणि ती करपलेली, कडवट खरवड त्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मग तिनं त्याच पातेल्यात वरणभात कालवला, तर पुन्हा रेघ, आणि तोही चाटूनपुसून संपवला.

काय आनंद झाला म्हणून सांगू! मी तिला मिठीच मारली. एवढं सोपं होतं होय! मिरजेला त्यांची आई खरवडीच्या अशाच रेघा पाडून देत असणार आणि सगळी पोरं पातेल्याभोवती हिसकाहिसकी करत असणार. एकट्याला वाटीत वाढलेलं त्यांना नकोच होतं. त्यांना हवं होतं भांडण. "आता काय, पातेल्यात घ्या आणि भांडा," मी चैतन्यला फोनवर सांगितलं. चंद्रप्रभेनं पलंगाखालून बॅग ओढून त्यात आपल्या औषधांचा डबा टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालीम केली. शकुंतला पातेलं घेऊन बसली, "बाबूजी, ये मेरा हिस्सा!" म्हणून तिनं छान आवाज लावला. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. रविवारी चैतन्य बसला. पण त्याला हिसकावता कुठं येतंय? एकुलतं एक पोर, कधी कुणाशी वाटणी करायची वेळ आलीय त्याच्यावर? "बाबा, तुम्ही घ्या सगळं," म्हणून पातेलं त्यांच्याकडेच सरकवत राहिला. त्यांनी तोंड फिरवलं. शेवटी मी बसले. मला भांडायला शिकवावं लागत नाही. मी रेघ ओलांडून सरळ त्यांच्या वाटणीत चमचा घातला. विनायकरावांनी माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि अदबीनं म्हणाले, "घ्या ना. पाहुण्यांनी आधी घ्यायचं." आणि मी खाऊन उठेपर्यंत ते उपाशी बसून राहिले. मेले संस्कार तेवढे ते विसरत नाहीत.

मग चंद्रप्रभा येऊन बसली. तिला बघताच त्यांचा चेहरा असा फुलला! "चिंगे, किती वेळ! चल, रेघ मार."

चिंगी ही त्यांची पाठची बहीण. ती जाऊनही कित्येक वर्षं झाली. आपल्या नवऱ्याला नावानं हाक न मारणारी माझी ही मैत्रीण चमचा उचलून म्हणाली, "मार तूच, दादा."

विनायकराव पोटभर जेवले. जेवण झाल्यावर हळूच तिच्या कानाशी वाकून, स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले, "चिंगे, आत ती बाई असते ना, तिला सांग, पातेलं घासायला ने म्हणावं."

"सांगते हं, दादा," ती म्हणाली. उठली, आत गेली आणि पातेलं घासायला लागली. मी तिच्यामागे जाऊन नळ बंद केला. म्हटलं, "चंद्रप्रभे, तू जा. आठ दिवसांनी काही बिघडत नाही. भूक लागली की खातील."

"आणि नाही खाल्लं तर?"

तिनं नळ पुन्हा सोडला. "मीच शोधून काढलं गं हे," ती म्हणाली. "न सापडतं तर निदान जाता तरी आलं असतं. आता कशी जाऊ?" त्या संध्याकाळी चैतन्यनं तिकीट रद्द केलं. तो तिला परत परत सॉरी म्हणत होता आणि ती त्याला परत परत चहा विचारत होती. नारायणपेठी कुरिअरनं साताऱ्याला गेली.

सोहळ्याच्या दिवशी चैतन्यनं व्हिडिओ कॉल लावून दिला आणि तो मीटिंगला बसला. आम्ही मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला. चंद्रप्रभा जरीची साडी नेसली होती, तबकात निरांजन, हळदकुंकू, सुपारी, अंगठी सगळं मांडलं होतं. पलीकडे अक्का नारायणपेठीत, कपाळभर कुंकू, मागे लेकीसुनांची लगबग. "चंदे, पुढं ये गं, दिसत नाहीयेस नीट," अक्का म्हणत होती. चंद्रप्रभेनं तबक उचललं आणि मोबाइलसमोर ओवाळायला लागली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली, "चिंगे! ये लवकर! तुझी वाटणी मी खाईन हं!"

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा हाक आली. मग खुर्ची करकरली, शकुंतला "बाबूजी, बैठिए, बैठिए" म्हणून ओरडली. चंद्रप्रभेनं तबक माझ्या हातात दिलं. "तू ओवाळ," एवढंच म्हणाली आणि गेली. दारातून मला ती दिसत होती. जरीच्या साडीत तशीच जमिनीवर बसली, पातेलं पुढं ओढलं आणि पहिला चमचा रेघेपलीकडे घातला.

मी साताऱ्याच्या त्या न पाहिलेल्या म्हातारीला ओवाळत राहिले. अक्का डोळे बारीक करून स्क्रीनवर शोधत होती. "चंदी कुठं गेली हो?"

"जेवायला बसलीय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते!

"बसलीय? बसून जेवतेय?" अक्काचा सुरकुतलेला चेहरा एकदम उजळला. "मग नका हो उठवू तिला. जेवू दे पोटभर."